मला न भासलेली उणीव

पुणे महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्याच महिन्यात मुंबईची संपली, राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची संपली. निवडून आलेल्यांच्या जागी प्रशासक आले आणि पुढची जवळपास चार वर्षं तेच राहिले. पुण्यात नव्या सभागृहासाठी मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ ला. या मधल्या काळात माझ्या आयुष्यात नेमकं काय बिघडलं, हे मी अलीकडे स्वतःला विचारते आहे. खरं उत्तर असं आहे की काहीच बिघडलं नाही. पाणी येत होतं, घंटागाडी येत होती, रस्त्यावरचा दिवा गेला तर मोबाईलवरून तक्रार करता येत होती आणि दिवा लागतही होता. वॉर्डात नगरसेवक नाही, याची आठवण मला महिनोन्‌महिने होत नसे.

हे उत्तर मला स्वस्थ बसू देत नाही. मी लोकशाही मानते, आणि ती मानते असं मोठ्याने सांगतेही. याच वर्षांत संसदेत खासदार निलंबित झाले तेव्हा मी तावातावाने बोलले. राज्यपालांनी विधेयकं अडवून धरली, केंद्राने राज्यांचा करातला वाटा कमी केला का, यावर घरी जेवणाच्या टेबलावर वाद घातले. दिल्लीत लोकसभेची मुदत संपली, निवडणूक झाली नाही आणि एक सचिव चार वर्षं देश चालवत राहिला, अशी नुसती कल्पना केली तरी मला दरदरून घाम फुटतो. माझ्या स्वतःच्या शहरात नेमकं हेच झालं. मी तेव्हा ते बातम्यांच्या आतल्या पानावर वाचलं आणि पान उलटलं.

संविधान या बाबतीत संदिग्ध नाही. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९२ मध्ये संमत झाली, १९९३ मध्ये अमलात आली. महापालिकेची मुदत पाच वर्षं आणि त्याहून जास्त नाही, नवी निवडणूक ती मुदत संपण्याआधी पूर्ण व्हायला हवी, मधेच बरखास्ती झाली तर सहा महिन्यांत, असं अनुच्छेद २४३ यू मध्ये स्वच्छ लिहिलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अहमदाबादच्या किशनसिंग तोमर खटल्यात हे बंधन राज्य निवडणूक आयोगाला पाळावंच लागेल असं सांगितलं. तरीही आपल्याकडे चार वर्षं गेली. कारण उघड आहे, आणि ते क्षुल्लक नाही. ४ मार्च २०२१ च्या निकालाने ओबीसी आरक्षणासाठी तीन कसोट्या घातल्या, मग बांठिया आयोग आला, जुलै २०२२ मध्ये त्याचा अहवाल मान्य झाला, तोवर प्रभागांची रचना बदलली, त्यावर पुन्हा याचिका आल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ‘जैसे थे’चा आदेश झाला. ६ मे २०२५ ला न्यायालयाने निवडणुका घ्या असं बजावलं तेव्हा गाडं हललं. मागास समाजांना सत्तेत जागा मिळणं हा माझ्या दृष्टीने बाजूला सारण्याचा प्रश्न नाही. पण या काळात ओबीसींना तरी काय मिळालं? सभागृहच नव्हतं, तेव्हा त्यातली कुणाचीच जागा नव्हती.

मी हा क्रम आज सांगू शकते, कारण हे लिहायला बसताना तो एकदा नीट वाचून काढला. तो चालू होता तेव्हा मला सांगता आला नसता. तेव्हा माझी समजूत एवढीच होती की ‘कोर्टात अडकलंय’.

आपल्या संघराज्याची मांडणीच अशी आहे की खालचं सरकार वरच्याच्या मुठीत राहतं. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत पाचवी नोंद स्थानिक शासनाची आहे. हे इंग्रजांच्या काळापासून चालत आलं आहे. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, १९१९ च्या कायद्याने ते खातं प्रांतांच्या मंत्र्यांकडे दिलं, आणि प्रांतांची राज्यं झाली तरी किल्ली तिथेच राहिली. प्रांत असलेल्या इतर देशांतही याहून फार वेगळं नाही. कॅनडाच्या १८६७ च्या कायद्याने नगरपालिका प्रांतांच्या अखत्यारीत दिल्या. २०१८ मध्ये टोरंटोच्या निवडणुकीचा प्रचार चालू असताना ओंटारिओ प्रांताच्या सरकारने नगरसेवकांची संख्या ४७ वरून २५ वर आणली. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते वैध ठरवलं. दक्षिण आफ्रिकेने मात्र १९९६ च्या संविधानात राष्ट्र, प्रांत आणि स्थानिक अशी शासनाची तीन क्षेत्रं मानली, एकाखाली एक अशा पायऱ्या मानल्या नाहीत. आपण १९९२ मध्ये त्या दिशेने अर्धं पाऊल टाकलं. बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय लिहिले, अकराव्यात पंचायतींसाठी २९, पण ते द्यायचे की नाही हे राज्यांच्या मर्जीवर सोडलं.

आणि मर्जी कशी फिरते ते माझ्या डोळ्यांदेखत घडत आलं आहे. पुण्यात २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ ला एकाचा वॉर्ड, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. पुढच्या निवडणुकीसाठी तिघांचा ठरला आणि पुन्हा बदलून चौघांचा झाला. सरपंच थेट जनतेतून निवडायचा असं २०१७ मध्ये ठरलं, २०२० मध्ये ते रद्द झालं, २०२२ मध्ये पुन्हा आलं. मुंबईत सरकार बदललं की गावातल्या सर्वांत जवळच्या सत्तेचा आकार बदलतो. नागरिक म्हणून याचा मला राग यायला हवा होता. आला नाही. प्रभाग किती जणांचा यावर पक्षांचे हिशेब असतात, आपल्याला काय करायचं, असंच मी धरून चालले.

त्याहून खोल जाऊन पाहिलं तर दिसतं की काही वेळा मला ही मूठ सोयीची वाटली आहे. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला १९७० पासून मिळकतकरात ४० टक्के सवलत होती. ती बंद झाली, आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयाने परत आली. मी पीटी-३ चा अर्ज भरून दिला, बिल कमी झालं आणि मला बरं वाटलं. त्या क्षणी हे मनात आलं नाही की माझ्या घराच्या पट्टीचा निर्णय मंत्रालयात होतो आहे आणि ज्या सभागृहात त्यावर चर्चा व्हायला हवी ते रिकामं आहे. जकातीचंही तसंच. जकात नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा, तिथला गैरव्यवहार, हे सगळं जावं असं मला वाटायचं. पुण्यात २०१३ मध्ये जकात जाऊन स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला, २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला. नाके गेले हे चांगलंच झालं, यावर मी आजही ठाम आहे. पण शहराची सर्वांत मोठी स्वतःची कमाई गेली आणि त्या जागी वरून येणारी भरपाई आली. ज्याच्या हातात पैसा त्याच्या हातात निर्णय, हे घरातलं गणित मला कळतं. शहराच्या बाबतीत ते मी मांडलंच नाही.

नगरसेवक नसल्याचं मला जाणवलं नाही, पण माझ्याच घरात रोज येणाऱ्या एका बाईला ते जाणवत होतं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी जवळच्या वस्तीत राहतात. भाड्याची खोली बदलली म्हणून त्यांना आधारवरचा पत्ता बदलायचा होता. घरमालक भाडेकरार करून देत नव्हता, लाईटबिल त्याच्या नावावर. अशा माणसासाठी आधारच्या नमुन्यात एक सोय आहे, नगरसेवक, आमदार, खासदार किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने सही-शिक्क्यानिशी पत्ता प्रमाणित करायचा. पूर्वी मावशी नगरसेवकाच्या ऑफिसात सकाळी जाऊन अर्ध्या तासात सही घेऊन यायच्या. ‘ताई, आता सही कुणाची घ्यायची?’ असं त्यांनी मला विचारलं. माजी नगरसेवकाचा शिक्का चालत नाही. आमदारांच्या कार्यालयात जायचं तर कामाचा खाडा. माझ्या ओळखीचे एक राजपत्रित अधिकारी होते, त्यांनी ओळखीखातर सही दिली आणि काम झालं.

काम झालं याचं समाधान मला तेव्हा वाटलं. आता त्याकडे पाहते तेव्हा वेगळं दिसतं. मावशींना जे मतदार म्हणून हक्काने मिळत होतं, ते त्या दिवशी माझ्या ओळखीतून मिळालं. वस्तीत ओळखी नसलेली किती घरं होती? तुंबलेलं ड्रेनेज, सार्वजनिक संडासाचं तुटलेलं दार, नळाला पाणी सुटण्याची वेळ, शाळेच्या प्रवेशासाठी लागणारा रहिवासाचा दाखला, या सगळ्यासाठी त्यांना एक माणूस लागतो, ज्याचं दार ठोठावता येतं आणि ज्याला पाच वर्षांनी आपल्या दारात यावं लागतं. मला ॲप पुरतं, कारण माझी तक्रार लिहिता येण्यासारखी असते, माझा पत्ता नकाशावर सापडतो, आणि ॲपवर जमलं नाही तर कुणाला तरी फोन करता येतो. नगरसेवक नव्हता तेव्हा माझं काही अडलं नाही, यावरून शहराचं काही अडलं नाही असा निष्कर्ष मी काढत होते. चार वर्षं मी शहर म्हणताना फक्त स्वतःला मोजत होते.

प्रशासक काम करत नव्हते असं मी म्हणत नाही. रस्ते झाले, निविदा निघाल्या, अंदाजपत्रकं वेळेत मांडली गेली. पण मांडली कुणी आणि मंजूर कुणी केली? महापालिकेत आयुक्त प्रस्ताव ठेवतात, स्थायी समिती त्याची छाननी करते, मोठे विषय मुख्य सभेत जातात. प्रशासकाच्या काळात या तिन्ही खुर्च्यांवर एकच व्यक्ती असते. तीच प्रस्ताव ठेवते, स्थायी समिती म्हणून तो मान्य करते आणि मुख्य सभा म्हणून त्यावर शिक्कामोर्तब करते. त्या व्यक्तीच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण इतिवृत्तात ‘विरोध’ हा शब्दच येऊ शकत नाही, अशी ती व्यवस्था आहे.

याच शहराच्या नगरपालिकेत महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं सभासद होते, सरकारने नेमलेले. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला एक हजार रुपये खर्चायचं ठरलं. बत्तीस सभासदांत त्या खर्चाविरुद्ध मत देणारे जोतीराव एकटे. पैसा शिक्षणावर खर्च करा, हे त्यांचं म्हणणं. ठराव अडला नाही. पण एक मत विरोधात पडलं ते नोंदलं गेलं, म्हणूनच ते आज मला ठाऊक आहे. एक हजार रुपयांच्या सजावटीवर जेवढी वादाची जागा तेव्हाच्या नेमलेल्या नगरपालिकेत होती, तेवढी माझ्या शहराच्या हजारो कोटींच्या अंदाजपत्रकावर चार वर्षं नव्हती.

मला ती उणीव का भासली नाही, याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती कबूल करायला जड जाते. नगरसेवक या माणसाबद्दल माझ्या मनात आदर नाही. फ्लेक्सवरचे वाढदिवसाचे फोटो, ठेकेदारांशी लागेबांधे, सभागृहातली हमरीतुमरी, हे मी इतकं पाहिलं आहे की प्रशासक आला तेव्हा आत कुठेतरी मला वाटलं, निदान शिकलेला माणूस शहर चालवेल. हा विचार मी कुणाला बोलून दाखवला नाही. पण तो होता.

तो तपासताना मला डॉ. आंबेडकर आठवतात, कारण स्थानिक सत्तेबद्दल त्यांच्याइतकं परखड कुणी बोललं नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानसभेत संविधानाचा मसुदा मांडताना त्यांनी खेड्याला घटक न मानता व्यक्तीला घटक मानल्याचं स्वागत केलं, आणि खेडं म्हणजे संकुचितपणाचा आणि अज्ञानाचा अड्डा आहे अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं सभेला झोंबलं. नंतर त्याच महिन्यात के. संथानम यांनी ग्रामपंचायतींची तरतूद सुचवली, ती डॉ. आंबेडकरांनी स्वीकारली आणि तिचं अनुच्छेद ४० झालं. त्याआधी १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलतानाही अस्पृश्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व नसेल तर पंचायतीच्या हाती सत्ता देण्याला त्यांनी विरोध केला होता. गावाच्या सत्तेने ज्यांना विहिरीपासून दूर ठेवलं त्यांच्या बाजूने ते बोलत होते.

मी बरीच वर्षं माझ्या अविश्वासाला त्यांच्या शब्दांचा आधार दिला. आता तो आधार मी काढून घेते, कारण तो माझा नाही. त्यांचा अविश्वास सोसलेल्या माणसाचा होता आणि त्याचा उपायही त्यांनी सांगितला होता: वगळलेल्यांना आत घ्या. १९९२ च्या दुरुस्तीने तो उपाय बऱ्याच अंशी अमलात आणला. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, महिलांना किमान एक तृतीयांश, आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. २०१७ च्या पुण्यातल्या १६२ जागांपैकी निम्म्या महिलांच्या होत्या. विधानसभेत अशी स्थिती अजून नाही, लोकसभेत नाही. म्हणजे ज्या सभागृहाबद्दल मी नाक मुरडत होते, ते माझ्या आयुष्यात माझ्यासारख्या बायकांना सर्वांत जास्त जागा देणारं सभागृह होतं. ते बंद पडलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. यात जातीचा आणि वर्गाचा भाग किती, हे मी स्वतःला सोडून दुसऱ्या कुणाला विचारू शकत नाही. बराच आहे, असं मला वाटतं. सभागृहात भांडणाऱ्या बाईची भाषा मला खटकायची. तिचा मुद्दा काय होता ते मी क्वचितच ऐकून घेतलं.

भ्रष्टाचार खरा आहे, हे मी मागे घेत नाही. नवऱ्याने चालवलेल्या सदस्यपदांची उदाहरणंही खरी आहेत. पण राज्यात आणि देशात भ्रष्टाचार दिसतो तेव्हा विधानसभा बंद करा असं मी म्हणत नाही. निवडणूक आली की बदला असं म्हणते. नगरपालिकेला ती संधीही मी द्यायला तयार नव्हते.

गावाची परिस्थिती एका बाबतीत शहरापेक्षा बरी आहे. गावच्या मतदाराला कायद्याने ग्रामसभा आहे. वर्षातून चार तरी सभा, शंभर माणसं किंवा पंधरा टक्के मतदार यांतली जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती. अनेक गावांत ती भरत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसल्याने मोजक्या माणसांत ठराव होतात. हे दुखणं जुनं आहे. पण गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने त्याच ग्रामसभेचं काय करून दाखवलं तेही जगजाहीर आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा देऊन ते थांबले नाहीत. अभ्यासगट बसवले, बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घ्यायची शिस्त लावली, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकला. एकाचंही मन वळायचं राहिलं तर सभा पुन्हा बसते. मी गोंडी बोलणाऱ्या त्या छोट्या गावाचं कौतुक अनेकदा केलं आहे, व्याख्यानांना गेले आहे, लेख वाचले आहेत. कौतुक करताना मला स्वतःला कुठल्याही सभेत बसावं लागत नव्हतं.

शहरातही सोयी अगदीच नाहीत असं नाही. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामं सुचवता येतात. २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली, म्हणजे काही मतदान केंद्रांच्या परिसरातले मतदार एकत्र बसतील, कामांचा अग्रक्रम ठरवतील. ही तरतूद कागदावरून खाली फारशी उतरली नाही. ती उतरावी म्हणून मागणी करणाऱ्यांत माझं नाव नव्हतं.

जानेवारीत मी चार मतं दिली, अ, ब, क आणि ड जागांसाठी. एका उमेदवाराचं काम मला माहीत होतं. उरलेली तीन बटणं मी चिन्ह पाहून दाबली. चौघांच्या प्रभागात कोण कशाला जबाबदार हे कळत नाही, ही टीका बरोबर आहे आणि एक वॉर्ड एक नगरसेवक ही मागणी मी आता उघडपणे करणार आहे. पण तीन नावांची चौकशी करायला मला कुणी अडवलं नव्हतं.

क्षेत्रसभा खरोखर भरली तर काय होईल याचा मी विचार करते तेव्हा उत्साह आणि धास्ती दोन्ही वाटतात. त्या खोलीत आमच्या सोसायटीतले लोक असतील आणि मावशींच्या वस्तीतले, संख्येने ते जास्त. आमच्या गल्लीतल्या पदपथाला नवे ब्लॉक की वस्तीत नवं सार्वजनिक शौचालय, असा विषय येईल. पाण्याच्या वेळा येतील, आणि त्यात आमचा एक तास कमी करण्याची सूचना येऊ शकेल. माझं मत कुठे पडायला हवं हे मला आज, एकटीने लिहिताना, अगदी स्पष्ट दिसतं आहे. जिन्यात रोज भेटणाऱ्या शेजाऱ्यांदेखत हात वर करायची वेळ येईल तेव्हाही ते तिथेच पडेल का, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.